पाचपैकी पाच देणाऱ्यांचा जानेवारी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला बॅनर लागला की मी समजते, जानेवारी आला. बॅनरवर दरवर्षी तेच गोरंगोमटं मूल असतं. वय वर्षं तीन, आणि डोक्यावर पदवीधरांची काळी टोपी. खाली मोठ्या अक्षरांत 'प्रवेश सुरू'. या मुलाला मी इतकी वर्षं बघतेय, पण ते मोठं होत नाही आणि टोपीही काढत नाही. यंदा बॅनर जरा तिरका लागलाय, त्यामुळे ते बिचारं शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीत डोकावल्यासारखं दिसतं. मी सकाळी त्याच्याकडे बघून हसले. मला हसण्याचा अधिकार आहे. एका जानेवारीत आमची त्याच्याशी कुस्ती झाली होती आणि ती मी जिंकले होते. मी म्हणजे आम्ही. त्या 'आम्ही'बद्दलच सांगायचंय.

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, थंडी पडते हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. नाशिकची माझी मावसबहीण तर फोनवर खो खो हसते. हसू दे तिला. सकाळी मेट्रोचे खांब धुरक्यात कमरेपर्यंतच दिसतात, गल्लीतले पुरुष कानटोप्या चढवून दूध आणायला निघतात आणि बायका उन्हाचा एक पट्टा पकडून भाजी निवडायला बसतात. हातगाडीवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात. पेरू येतात, त्यांना तिखटमीठ लावून देणारा येतो. पत्र्यांवर पतंग अडकतात आणि डोक्यावरून विमानं जातात. विमानाचं आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. ते आलं की माणसं वाक्याच्या मध्येच थांबतात आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलतात. माझ्या बालवाडीतली मुलंसुद्धा रडताना थांबतात, विमान जाऊ देतात आणि मग उरलेलं रडतात.

बालवाडी भरते ती गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत. एका कोपऱ्यात ढोल, माळ्यावर जुन्या मखराचे खांब, भिंतीवर दहीहंडीच्या ट्रॉफ्या, आणि त्यांच्याखाली आमची वाळूची घमेली, पाण्याच्या बादल्या, मण्यांचे डबे, चिंचोक्यांची बरणी. सकाळी खोली आमची, संध्याकाळी मंडळाची. अभ्यासक्रम हा शब्द या खोलीत फार भारदस्त वाटतो, पण आमचा अभ्यासक्रम आहे. आठवड्यातून एकदा कणीक मळायची, कारण कणीक मळलेल्या बोटांत पुढे पेन्सिल नीट बसते. पानं गोळा करून लहानमोठी लावायची. गोष्ट ऐकायची आणि मग तिचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. भाजीवाल्याकडे जाऊन त्याला प्रश्न विचारायचे, तो वैतागेपर्यंत. हे सगळं मी कित्येक वर्षं घडवत, मोडत, पुन्हा घडवत आणलंय. माझ्या संसारात मी इतकं लक्ष घातलं असतं तर घरच्यांनी माझी आरती केली असती.

त्या जानेवारीत केतकी आली. केतकी म्हणजे आमची बालवाडी चालवणाऱ्या संस्थेतली कार्यकर्ती, माझ्या मुलीच्या वयाची, तल्लख आणि मनानं स्वच्छ. तिच्या पिशवीतून तिनं एक चकचकीत दप्तर काढलं. आत रंगीत वर्कबुकं, गिरवायच्या ओळी, एक टॅब्लेट आणि त्या टॅब्लेटमध्ये नाचणारं इंग्रजी अस्वल. छपाई खरंच सुंदर होती, खोटं का बोलू.

"ताई, संस्थेला हे किट सगळ्या बालवाड्यांत आणायचंय," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा अभ्यासक्रम बंद. पण अध्यक्षबाईंनी एक अट घातलीय. आधी पालकांचं मत मोजायचं. पालक म्हणाले आमचं आहे तेच चांगलं, तर तेच राहील. मत नीट मिळालं नाही, तर समिती किट घेऊन मोकळी होणार."

मत मोजायचं. मला गंमत वाटली. माझ्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करून मुलांची उंची मोजतात, वाटीनं पाणी मोजतात, आपल्या वीतभर हातानं अख्खा ढोल मोजतात. मत कशानं मोजतात?

फॉर्मनं मोजतात, असं कळलं. केतकीनं तो मन लावून केला होता. एकेक वाक्य आणि त्यापुढे एक ते पाच आकडे. पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच. लोक न वाचताच खुणा करतात की काय हे तपासायला तिनं मध्येच दोनतीन फसवी वाक्यंही पेरली होती. फॉर्म घरोघरी गेले, भरून परत आले. एका दुपारी केतकी ते माझ्यासमोर घेऊन बसली आणि तिचा चेहरा बघून मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ताई, सगळीकडे पाच."

"मग चांगलंच आहे की."

"'टीचर मुलांवर सारख्या ओरडतात.' पाच."

"काय?"

"'या बालवाडीत मुलांना पोहायला शिकवतात.' पाच. ताई, पोहायला! या खोलीत!" तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं. "हे मी समितीपुढे कुठल्या तोंडानं ठेवू? म्हणतील, या पालकांना मतच नाहीय."

दुसऱ्या दिवशी मुलं सोडताना मी आरोहीच्या आईला गाठलं. आमच्याकडे पालकांना नावं नसतात. आरोहीची आई, सम्यकचे बाबा, विघ्नेशची आजी, बस. आरोहीची आई अ‍ॅपवरून बुकिंग आलं की लोकांच्या घरी जाऊन पार्लरचं काम करते. पाठीवर तिच्या वजनाइतकी पेटी, आणि चेहरा नेहमी हसरा.

"काय गं, पोहण्याला पाच?" मी म्हटलं. "मी तुझ्या पोरीला कुठे पोहवलं? बादलीत?"

ती लाजली नाही. उलट माझ्यावरच चिडली.

"मग काय देऊ टीचर? चार? चार दिले तर तुमची वाट लागेल ना! एकदा एका मॅडमनी मला चार दिले. का, तर त्यांचा कुत्रा मला बघून भुंकला. नंतर माझं बुकिंग येईचना. आमच्या घरात चार नसतात. रिक्षावाल्याला पण पाच, दूधवाल्याला पाच, तुम्हाला पाच. मी वाचत नाही बसत काय लिहिलंय ते. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, एवढंच बघते."

सम्यकचे बाबा बाजूला बाइकवर बसले होते. ते घरपोच जेवण पोहोचवतात. ते नुसतं म्हणाले, "टीचर, आम्ही सगळ्यांनी तसंच केलंय. ठरवून नाही. आपोआप."

मला तिथेच भरून आलं. दिवसभर या माणसांना कुणीतरी मोजत असतं. दार उघडलेला माणूस, दार न उघडलेला माणूस, गार झालेली भाजी, भुंकणारा कुत्रा, सगळे त्यांना मार्क देतात. आणि त्यांच्या हातात एकदा कुणाला तरी मोजायची संधी आली, तर त्यांनी डोळे मिटून सगळंच्या सगळं देऊन टाकलं. इतकी माया मला माहेरीही मिळालेली नाही. आणि हीच माया आता आमची बालवाडी बुडवायला निघाली होती.

शिवाय एक भीती होती, जी मी केतकीजवळही लगेच बोलले नाही. या पाचांच्या मागे खरं काय आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? दारात मूल सोडताना मला रोज ऐकू यायचं, "टीचर, लिहायला कधी घेणार?" "टीचर, शेजारच्या पिंकीला पूर्ण एबीसीडी येते." मी रोज तेच कणकेचं उत्तर देत होते आणि ते रोज मान डोलवत होते. मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे मला वर्गातली मुलंच शिकवून गेलीत. खरं विचारलं आणि ते नाचणाऱ्या अस्वलाच्या बाजूनं निघाले तर? केतकीनं शेवटी तो प्रश्न विचारलाच. मी ठसक्यात म्हटलं, "निघू दे." पण घरी जाऊन आमटीत मीठ दोनदा घातलं.

जानेवारीतल्या दुपारी डोकं बरं चालतं. आम्ही दोघी खोलीत चहा पीत बसलो होतो, केतकी चिंचोक्यांच्या बरणीत हात घालून खुळखुळ करत होती. तिला म्हटलं, "केतकी, या माणसांना मार्क द्यायला सांगूच नकोस. मार्क म्हटलं की त्यांना माणूस दिसतो आणि त्याची नोकरी दिसते. यांना वाटणी करायला सांग. चार बांगडे तळून सात माणसं जेवू घालतात ही. वाटणीत कुणाला सगळं देता येत नाही. तिथे प्रत्येकाला ठरवावंच लागतं."

केतकीचा हात बरणीत थांबला. मग तिनं एकदम टाळीच दिली. "ताई, झकास! पण दोन वाटण्या करू. काय हवंय त्याची वेगळी आणि इथे काय मिळतंय त्याची वेगळी. दोन्ही शेजारी ठेवल्या की कळेल कुठे कमी पडतंय." हुशार पोरगी. त्या दुसऱ्या वाटणीचं श्रेय पूर्ण तिचं.

पालकसभा म्हटलं की आमच्याकडे फक्त आया येतात. हळदीकुंकू म्हटलं असतं तर निम्म्या आयाच बाहेर राहिल्या असत्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाच्या घरी ती रीतच नाही. म्हणून मी फळ्यावर लिहिलं, 'शनिवारी तिळगूळ. घरातल्या सगळ्यांनी यायचं.' तिळगुळाला नाही कोण म्हणतं? बाबा आले, आज्या आल्या, एक मामा आला. चपलांचा ढीग इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत गेला.

मधोमध सतरंजीवर पाच परड्या मांडल्या. प्रत्येकीत मुलांनी काढलेलं एकेक चित्र. पेन्सिल म्हणजे लिहिणं. टोपीवालं मूल म्हणजे इंग्रजी. (ते चित्र बॅनर बघून आरोहीनं काढलं होतं.) उघडं तोंड म्हणजे बोलणं, प्रश्न विचारणं, गोष्ट सांगणं. घमेलं म्हणजे माती, पाणी, हातांची कामं. आणि शेजारी शेजारी उघडलेले दोन खाऊचे डबे म्हणजे दुसऱ्यांबरोबर राहणं. प्रत्येकाच्या हातात सारखेच चिंचोके आणि सारखेच सोललेले ओले हरभरे. मुलाला शाळेत जाण्याआधी जे मिळायला हवं तिथे चिंचोके टाकायचे, आणि इथे जे खरोखर मिळतंय तिथे हरभरे.

"पोहण्याची परडी कुठाय?" आरोहीच्या आईनं विचारलं आणि खोली हसून हसून दमली.

मग केतकीनं मला बाहेर काढलं. "ताई, तुम्ही समोर असलात की हे पुन्हा पाच द्यायला लागतील. जा." माझ्याच खोलीतून मला! मी गल्लीत येऊन उभी राहिले. दारावर पडदा. आतून आवाज येत होते, आणि विमानं त्या दिवशी जरा जास्तच होती.

आधी नुसती खुसफुस. मग भांडण सुरू झालं. देवाशप्पथ सांगते, इतकं गोड भांडण मी ऐकलेलं नाही.

"इंग्लिश पाहिजेच," आरोहीच्या आईचा आवाज. "मी दिवसभर यस मॅम, ओके मॅम करते. पुढचं येत नाही. आरोहीनं तसं राहायचं नाही. माझे निम्मे चिंचोके तिथेच. आणि हरभरा एकच टाकते. टीचर इंग्लिश गाणी घेतात, पण कधीतरीच. खरंय ते खरंय."

बाहेर उभ्या उभ्या माझे कान गरम झाले.

मग विघ्नेशची आजी. ती देवगडकडची, मुंबईत येऊन केस पांढरे झाले पण बोली तशीच. "माझो नातू काल माका इचारता, आजी, तू ल्हान व्हतंस तेव्हा कोणावांगडा खेळायचंस? अगो, माझ्या घोवान जन्मात माका असा इचारूक नाय! माझे सगळे तोंडात घाल." लहानपणी कुणाबरोबर खेळायचीस हे नवऱ्यानं जन्मात विचारलं नाही, नातवानं विचारलं, म्हणून सगळे उघड्या तोंडाच्या परडीत. तेवढ्यात केतकी किंचाळली, "आजी, हरभरे खाऊ नका, ते मोजायचेत!"

आणि मग कुणीतरी सम्यकच्या बाबांना विचारलं, तुमचे अजून हातातच का? मी पडद्याला कान लावला. येणारंजाणारं कोण बघतंय याची मला पर्वा नव्हती.

"मी घरून ठरवून आलो होतो, सगळे पेन्सिलीला," ते म्हणाले. "माझ्या आजोबांना शाळेत बसू दिलं नव्हतं. आमच्या घरात पाटी म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मी बी. कॉम. केलं. अक्षर माझं अजूनही छापल्यासारखं आहे. पण इंटरव्ह्यूला बसलो की तोंडच उघडायचं नाही. सगळं यायचं, बोलता यायचं नाही. आणि हा सम्यक, चार वर्षांचा, परवा मला म्हणतो..."

विमान आलं. मी त्या विमानाला मोठ्यानं शिवी दिली. गल्लीतल्या दोन बायकांनी वळून बघितलं.

"...म्हणतो, बाबा, तुमचं चुकलं, चंद्र आपल्या मागे येत नाही, तो लांब आहे म्हणून तसं वाटतं. मी म्हटलं, कोणी सांगितलं? म्हणतो, आम्ही सकाळी टीचरबरोबर गच्चीवर जाऊन बघितलं. माझा पोरगा मला सांगतो तुमचं चुकलं, आणि घाबरत नाही! हे घ्या. सगळे इथे, तोंडात. हरभरे पण इथेच."

चिंचोके परडीत पडल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला. मी रडले का? रडले. घळाघळा रडले आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा कान लावला.

मला आत बोलावलं तेव्हा केतकी गुडघ्यांवर बसून मोजत होती आणि सगळे तिच्या डोक्यावरून वाकून बघत होते. उघड्या तोंडाच्या परडीत चिंचोके काठोकाठ होते आणि हरभरेही तितकेच. घमेलं दुसरं आलं. पेन्सिलीत चिंचोके बरेच होते, पण हरभरेही होते. कणीक आणि मणी बघून त्यांना कळलं होतं की हेही लिहिण्याचंच आहे. माझी रोजची उत्तरं अगदीच हवेत गेली नव्हती तर. आणि टोपीवाल्या मुलाच्या परडीत चिंचोक्यांचा ढीग, हरभरे मोजके.

आरोहीची आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "टीचर, इंग्लिशला कमी टाकलेत. राग मानू नका हं."

राग? आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विश्वासानं कमी मार्क दिले होते. मी तिला मिठी मारली, तिच्या पेटीसकट.

तेव्हापासून आमच्याकडे रोज इंग्रजी गोष्ट असते. अस्वल नाचत नाही, मी नाचते. माझे उच्चार आंबोलीच्या घाटासारखे वळणावळणाचे आहेत असं केतकी म्हणते, पण मुलं त्या गोष्टीचाही शेवट बदलतात, इंग्रजीत. परवा एकीनं राक्षसाला "सॉरी, नो चपाती" म्हणून परत पाठवलं. मुलुंडच्या आणि मानखुर्दच्या बालवाड्यांतही आता जानेवारीत परड्या मांडतात. तिकडे हरभऱ्यांऐवजी वाटाणे घेतात, कारण कुणीतरी केतकीला सांगितलं की कडक वाटाणे आज्यांना खाता येत नाहीत. पालक भांडतात, नावं ठेवतात, मागच्या वर्षी हात धुण्याच्या साबणावरून माझी सालटी काढली. मला ते सगळं आवडतं. आपण केलेल्या कामाकडे माणसांनी डोळे उघडे ठेवून बघावं आणि काय दिसलं ते बोलावं, यापेक्षा मोठं सुख शिक्षकाला असेल तर ते मला अजून भेटलेलं नाही. थंडी अशी कोवळी असली, हातगाडीवर हिरव्या जुड्या दिसल्या की माझी छाती उगाच फुगते. शेजारीण म्हणते, तुम्हाला जानेवारी चढतो. चढतोच.

पण त्या वर्षीचा निकाल अजून लागायचा होता. केतकीनं परड्यांचे फोटो आणि आकडे समितीपुढे ठेवले, आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, मला ही माणसं बघायचीत. एका सकाळी त्या आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, पांढरी सुती साडी, हातात पेन. ढोलाशेजारी खुर्चीत बसल्या. मुलांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्यांचा चहा गार झाला. पालक भिंतीला टेकून उभे होते. मी दाराशी होते. आकडे आमच्या बाजूचे असले तरी किट घेण्याची सही त्यांच्या हातातली होती.

"बघितलं मी सगळं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण खोलीभर जाणारा. "तुमची मतं वाचली. आता तुम्हीच सांगा, हा अभ्यासक्रम पुढे ठेवू ना?"

सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. दारात आजवर मी काहीही म्हटलं की ही माणसं म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं टीचर. मी मुद्दाम भिंतीवरच्या ट्रॉफ्यांकडे बघत राहिले. मग सम्यकचे बाबा पुढे आले, काखेत हेल्मेट, ऑर्डर सोडून आलेले. त्यांनी घसा खाकरला.

"ठेवू ना म्हणजे काय मॅडम?" ते म्हणाले. "तो आमचाच आहे. तुम्हाला त्यात काही बदलायचं असेल, तर आधी आम्हाला विचारायला यायचं."

अध्यक्षबाईंनी सही न करताच पेनाला टोपण लावलं.

"येईन," त्या म्हणाल्या.